मैदान गाजवले, पण गुणपत्रिकेचे काय?

फुटबॉलच्या बळावर महाविद्यालयाचे दार किती उघडते आणि त्यासाठी अभ्यासाची कोणती अट पाळावी लागते?

बिबवेवाडी, पुणे - दहावीचे वर्ष सुरू झाले, की बिबवेवाडीतील अनेक घरांत एकाच विषयावर दोन मते पडतात. मुलगा किंवा मुलगी चांगला फुटबॉल खेळते. शाळेच्या संघात जागा पक्की आहे. महापालिका क्षेत्राच्या स्पर्धेत नाव झाले आहे. प्रशिक्षक म्हणतात, 'वर्ष वाया घालवू नका, सराव चालू ठेवा.' शिकवणीचे सर म्हणतात, 'एक वर्ष खेळ बंद ठेवा.' आई-वडिलांना दोघांचेही म्हणणे पटते आणि निर्णय लांबणीवर पडतो. अप्पर इंदिरानगरपासून गंगाधाम चौकापर्यंत तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ मैदाने संध्याकाळी भरलेली दिसतात. शिकवणी वर्गांच्या गर्दीची वेळही नेमकी तीच असते.

या ओढाताणीच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. उत्तम खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणव्यवस्था नेमके काय देते आणि त्याच्याकडून काय मागते? याविषयी ऐकीव माहिती भरपूर आहे. 'राज्य स्तरावर खेळला की प्रवेश नक्की', 'पंचवीस गुण मिळतातच', 'पुढे नोकरीत राखीव जागा आहेत', अशी वाक्ये मैदानाच्या कडेला सर्रास ऐकू येतात. प्रत्येक वाक्यात काही अंश खरा आहे. मात्र त्यामागची अट कोणी सांगत नाही.

अमेरिकेत आधी अभ्यास, मग मैदान

खेळाडूला महाविद्यालयात घेण्याची सर्वांत मोठी आणि काटेकोर व्यवस्था अमेरिकेत आहे. तेथे 'फुटबॉल' म्हणजे शिरस्त्राण घालून खेळला जाणारा, लांबट चेंडूचा अमेरिकी फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे 'सॉकर' म्हणतात. विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळाशाळांतून खेळाडू हेरतात आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊ करतात. परंतु 'एनसीएए' या संघटनेच्या पात्रता केंद्राने हिरवा कंदील दाखविल्याशिवाय तो खेळाडू विद्यापीठाकडून मैदानात उतरू शकत नाही.

या नियमांना इतिहास आहे. शाळेत जेमतेम शिकलेल्या मुलांना केवळ खेळासाठी विद्यापीठात आणले जाते आणि चार वर्षांनी ती पदवीविना बाहेर पडतात, अशी टीका वाढल्यावर १९८३ मध्ये 'प्रपोझिशन ४८' हा नियम मंजूर झाला. त्याची अंमलबजावणी १९८६ पासून झाली. त्यानुसार ११ मुख्य विषयांत किमान सरासरी श्रेणी आणि प्रवेश परीक्षेत किमान गुण अनिवार्य झाले. ज्या समाजघटकांच्या शाळाच दुबळ्या होत्या, त्यांच्या मुलांवर हा नियम अन्याय करतो, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पुढे नियम अनेकदा बदलले. आज पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांसाठी १६ मुख्य अभ्यासक्रम आणि चारपैकी किमान २.३ सरासरी श्रेणी आवश्यक आहे. त्यांपैकी दहा अभ्यासक्रम शाळेचे अखेरचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करावे लागतात. 'सॅट' किंवा 'एसीटी' या परीक्षांची अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

प्रवेशानंतरही तपासणी थांबत नाही. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण झालेला नसेल, तर खेळाडू अपात्र ठरतो.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील संकुलात सुमारे १८ वर्षे नावापुरते वर्ग चालविले गेले आणि त्याचा लाभ ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला, असे २०१४ च्या चौकशी अहवालात उघड झाले. त्यांत खेळाडूंची संख्या मोठी होती. नियम कडक असला, की पळवाटही शोधली जाते, हा धडा त्यातून मिळाला. तरीही खेळाडू शिकतो आहे की नाही, याची दखल कोणीतरी घ्यायलाच हवी, हे तत्त्व तेथे मान्य झालेले आहे.

महाराष्ट्रात उलट दिशा

आपल्याकडे गणित उलटे आहे. अमेरिकेत गुण नसतील तर खेळता येत नाही. महाराष्ट्रात खेळलात तर गुण मिळतात. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी आणि बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना क्रीडा सवलतीचे गुण दिले जातात. त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. मात्र प्रत्येक खेळाडूला २५ गुण मिळत नाहीत. स्पर्धा कोणत्या स्तराची होती, खेळाडूने त्यात प्रावीण्य मिळविले की केवळ सहभाग घेतला, यावर गुण कमी-अधिक होतात. शाळेमार्फत प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो, तेथे छाननी होते आणि शिफारस मंडळाकडे पाठविली जाते. मुदत टळली किंवा एखादे प्रमाणपत्र जोडायचे राहिले, तर मैदानावर गाळलेला घाम गुणपत्रिकेत उतरत नाही.

या गुणांचे मोल किती? दहावीत सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरले जातात. त्यामुळे २५ गुण म्हणजे थेट पाच टक्के आणि दहा गुण म्हणजे दोन टक्के. पुण्यातील नामवंत महाविद्यालयांत अकरावीचा प्रवेश एक-दोन टक्क्यांनी हुकतो, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. २०२५ च्या दहावीच्या निकालात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यामागे कला व क्रीडा सवलतीच्या गुणांचाही वाटा असल्याची चर्चा दरवर्षीप्रमाणे झाली.

अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेत समांतर आरक्षणातही खेळाडू हा घटक आहे. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया राज्यभर लागू झाली. येथेही प्रमाणपत्र कोणत्या स्तराचे आहे आणि त्याची पडताळणी झाली आहे का, हेच पाहिले जाते. खासगी अकादमीने भरविलेल्या चषकाचे किंवा सोसायटी लीगचे प्रमाणपत्र कितीही देखणे असले, तरी या रांगेत ते चालत नाही. शालेय स्पर्धांची अधिकृत साखळी क्रीडा व युवक सेवा संचालनालय चालविते. तालुका अथवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी ती चढत जाते. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत. बिबवेवाडीतील शाळेचा संघ पुणे महापालिका क्षेत्राच्या स्पर्धेतून पुढे आला, तर विभागात त्याची गाठ पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर येथील संघांशी पडते. तेथून जिंकला, तरच राज्य स्पर्धा. फुटबॉल हा सांघिक खेळ असल्यामुळे एखादा गुणी खेळाडू कमकुवत संघात असेल, तर तो महापालिकेच्या पहिल्या फेरीतच अडकतो. धावपटू किंवा कुस्तीगीर एकट्याच्या बळावर राज्य स्तर गाठू शकतो, फुटबॉलपटू गाठू शकत नाही.

शाळा बदलण्याचा मोह

यातूनच शाळा बदलण्याचा प्रश्न निर्माण होतो. चांगल्या संघाच्या शाळेत जाणे ही महाराष्ट्राच्या क्रीडा परंपरेला नवी गोष्ट नाही. सचिन तेंडुलकरने प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सल्ल्यावरून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेतला. १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत विनोद कांबळीसोबत ६६४ धावांची भागीदारी झाली, ती याच शाळेकडून. मुंबईच्या शाळा आणि महाविद्यालये गुणी क्रिकेटपटूंना बोलावून घेतात, हे उघड गुपित आहे. पुण्यात फुटबॉलमध्येही शुल्कात सवलत, गणवेश-बुटांचा खर्च, उपस्थितीबाबत सांभाळून घेण्याचे आश्वासन अशा आमिषांची चर्चा असते.

अशी आश्वासने बहुधा तोंडी असतात. शुल्कमाफी एका वर्षाची की दोन वर्षांची, दुखापत झाली तर ती राहील की जाईल, हे आधी कोणी विचारत नाही. मुलाचा गुडघा दुखावतो आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण शुल्काची पावती हातात पडते, तेव्हा दाद मागायला कागद नसतो. उपस्थितीचेही तसेच. मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. योग्य कारणासाठी सवलत मिळू शकते, पण त्यासाठी स्पर्धेची पत्रे आणि शाळेची नोंद हवी. 'सर बघून घेतील' या भरवशावर राहिलेला विद्यार्थी फेब्रुवारीत अडचणीत येतो. केंद्रीय मंडळाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे परीक्षेची तारीख चुकणाऱ्या खेळाडूंसाठी, भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिफारस असल्यास, स्वतंत्र तारखेला परीक्षा घेण्याची सोय तेथे आहे.

आणखी एक मार्ग सुचविला जातो, तो १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याचा. वेळ वाचतो हे खरे. परंतु शाळेच्या संघातून खेळायचे, तर शाळेचा नियमित विद्यार्थी असावे लागते. म्हणजे खेळासाठी म्हणून नियमित शाळा सोडली आणि तीच गोष्ट शालेय स्पर्धेच्या आड आली, असा उफराटा प्रकार घडू शकतो.

वय हीसुद्धा पात्रताच

शालेय फुटबॉलमध्ये अभ्यासापेक्षाही जास्त वाद वयावरून होतात. १९६० पासून खेळल्या जाणाऱ्या सुब्रतो चषकासारख्या देशातील प्रमुख शालेय स्पर्धेलाही वयचोरीच्या तक्रारींनी ग्रासले आहे. वाढत्या वयात एका वर्षाचा फरकही शरीरात ठळकपणे दिसतो. त्यामुळे मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविणारी 'टीडब्ल्यू-३' पद्धत क्रिकेटसह अनेक खेळांत वापरली जाते.

कागदाच्या बाजूने पाहिले, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. एक वर्षानंतर ती करायची झाल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. खेळाडूची नोंद अनेक वर्षांनी झालेली असेल, तर छाननीत शंका घेतली जाते. जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांवरील तारीख किंवा नावाचे स्पेलिंग जुळत नसेल, तरी निर्दोष मुलालाही ताटकळत बसावे लागते. ही दुरुस्ती सातवी-आठवीतच करून घेणे शहाणपणाचे असते. निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात ती होत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर

बारावीनंतर नियमांचे स्वरूप बदलते. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनी चालतात. खेळाडू पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावा लागतो. त्याचा प्रवेश केवळ तात्पुरता असून चालत नाही. पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी पात्र नसतो. १ जुलै रोजी वय १७ पेक्षा अधिक आणि २५ पेक्षा कमी हवे. शिवाय पदवी प्रवेशासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करता येते.

या अटी नीट पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. खेळाडू विद्यार्थी आहे का, हे विचारले जाते. तो शिकतो आहे का, हे विचारले जात नाही. अमेरिकेतील ४०-६०-८० टक्क्यांसारखी वर्षागणिक मोजणी येथे नाही. त्यामुळे पुढील वर्गात जाण्यापुरते विषय सोडवत पाच-सहा वर्षे विद्यापीठाकडून खेळणे आणि शेवटी पदवी न घेताच बाहेर पडणे शक्य होते. त्यातच विद्यापीठाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम साधारण एकाच काळात येतात. चुकलेला पेपर पुढच्या सत्रावर जातो, तेथे आणखी दोन विषय साचतात आणि ओझे वाढत जाते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची क्रीडा कामगिरी लहान नाही. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत हे विद्यापीठ पंजाब विद्यापीठापाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पदकतालिका दरवर्षी प्रसिद्ध होते. पदक मिळविणाऱ्यांपैकी किती जणांनी वेळेत पदवी पूर्ण केली, याची तालिका मात्र कोणी मांडत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांचे गणित आणखी वेगळे आहे. बिबवेवाडीतच अप्पर इंदिरानगर भागात १९८३ मध्ये स्थापन झालेले विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतील प्रवेश प्रामुख्याने प्रवेश परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतात. बोर्डाच्या गुणपत्रिकेत वाढलेले क्रीडा गुण तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत. मद्रास आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवल्या, त्यांपैकी एक मुलींसाठी. पण त्यासाठीही 'जेईई ॲडव्हान्स्ड'च्या गुणवत्ता यादीत नाव असणे बंधनकारक आहे. खेळाने दार थोडे रुंद केले, उंबरठा मात्र तोच ठेवला.

निवासी प्रबोधिनीचा पर्याय

शिक्षण आणि खेळ एकाच छताखाली आणण्याचा प्रयत्न राज्यात झालेला आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शारीरिक क्षमता चाचण्यांतून लहान वयातील मुले निवडली जातात आणि त्यांचा निवास, आहार, प्रशिक्षण व शालेय शिक्षणाचा भार शासन उचलते. बालेवाडीचे केंद्र त्यांपैकी प्रमुख. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याच प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वकरंडकात देशाकडून खेळला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे हाही प्रबोधिनीचाच विद्यार्थी. पुण्यात मुंढवा येथील लष्कराच्या क्रीडा संस्थेतही लहान मुलांची 'बॉइज स्पोर्ट्स कंपनी' आहे. तेथील मुलांना पुढे लष्करात जाण्यासाठी दहावी उत्तीर्ण व्हावेच लागते.

या जागा मोजक्या असतात. निवड न झालेल्या मोठ्या संख्येला शाळा, शिकवणी आणि मैदान यांची कसरत स्वतःच करावी लागते.

क्लब बंद पडतो, पदवी राहते

'खेळातच करिअर करू' असे म्हणणाऱ्या फुटबॉलपटूने पुण्याचा अलीकडचा इतिहास आठवावा. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी हा व्यावसायिक क्लब २०१५ मध्ये बंद पडला. २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. जुलै २०२५ मध्ये तर देशातील सर्वोच्च इंडियन सुपर लीगचा आगामी हंगामच अनिश्चित काळासाठी स्थगित झाला आणि अनेक क्लबांनी कामकाज आवरते घेतले. खेळाडूंचा त्यात काही दोष नव्हता. तरीही रोजगार त्यांचाच थांबला.

सरकारी नोकरीतील पाच टक्के आरक्षणाचा आधार अनेकांना वाटतो. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने ते लागू झाले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष सुधारण्यात आले. परंतु पदासाठी ठरविलेली शैक्षणिक अर्हता खेळाडूलाही पूर्ण करावी लागते. पदवी हवी असलेल्या पदासाठी राष्ट्रीय पदक असले, तरी पदवीविना अर्ज करता येत नाही. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणीही आता काटेकोर झाली आहे. राज्यात बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आल्यापासून खऱ्या खेळाडूलाही स्पर्धेची प्रवेशिका आणि निकालपत्रक जपून ठेवावे लागते.

परदेशी शिष्यवृत्तीचे स्वप्न पाहणाऱ्यांनाही अभ्यास टाळता येत नाही. अमेरिकी पात्रता केंद्र केवळ बारावीचा निकाल पाहत नाही, तर नववीपासूनची चार वर्षे मोजते. नववीत 'यंदा बोर्ड नाही' म्हणून अभ्यासाकडे दुर्लक्ष केलेल्या विद्यार्थ्याला ती कसर नंतर भरून काढणे अवघड जाते. क्लबकडून मानधन घेतले असेल, तर त्याचाही हिशेब तेथे द्यावा लागतो.

पालकांनी काय तपासावे?

- स्पर्धा अधिकृत साखळीतील आहे का, तिचे प्रमाणपत्र क्रीडा गुणांसाठी ग्राह्य धरले जाते का, हे प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी विचारावे.
- प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघयादी आणि निकालपत्रक यांची वर्षवार फाईल ठेवावी.
- जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांतील नाव व तारीख जुळवून घ्यावी.
- शुल्कमाफीचे किंवा उपस्थितीच्या सवलतीचे आश्वासन लेखी घ्यावे. दुखापत झाल्यास काय, याचा त्यात उल्लेख असावा.
- क्रीडा गुणांच्या प्रस्तावाची मुदत शाळेत आधीच विचारून ठेवावी आणि प्रस्ताव गेल्याची खात्री करावी.
- महाविद्यालय निवडताना संघाबरोबरच, स्पर्धेमुळे बुडालेल्या तासिका आणि परीक्षा भरून काढण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

क्रीडा गुण खेळाडूवरचे उपकार नव्हेत. वर्गातील इतर मुले अभ्यास करीत असताना त्याने मैदानावर घालविलेल्या तासांची ती अंशतः भरपाई आहे. परंतु पंचवीस गुण देऊन व्यवस्थेची जबाबदारी संपते, असे मानले तर खेळाडूचे नुकसान होते. बुडालेले तास परत घेणारा शिक्षक, चुकलेला पेपर पुन्हा घेणारे महाविद्यालय आणि 'यंदा किती विषय सुटले?' असे विचारणारा प्रशिक्षक त्याला मिळायला हवा. दहावीतल्या मुलाने एक वर्ष बूट कपाटात ठेवावेत की नाही, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे असेल. ते देताना हाती ऐकीव गोष्टींऐवजी नियम असावेत, एवढे तरी पालकांना नक्की करता येते.